जुन्या दाराचं नवं

चहा बशीत ओतला की तो आधी फुंकर मारायचा, चहा गार असला तरी. शर्टाच्या बाह्या तीनदाच दुमडायचा. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या कापडवाल्याला मोडक्या सिंधीत तब्येत विचारायचा आणि उत्तर कळलं नाही तरी मान डोलवायचा. चिठ्ठीखाली सही नसायची, नुसतं ‘मीच’. आमच्याशी बोलताना ‘होडी’ म्हणायचा. आईशी बोलताना ‘होरी’.

चंदर माझा मित्र. राहायला बदलापूर गावात, नोकरीला अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. आषाढात गेला. सव्वीस वर्षांचा होता.

त्यांचं मूळ गाव धरणाखाली गेलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यांच्यात दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधतात. त्याला ‘नवं’ म्हणतात. त्याची आई, मोतीबाई, दोन जुड्या करायची. एक राहत्या घराच्या दाराला. दुसरी जुन्या दाराला. ते दार पाण्याखाली होतं, म्हणून त्याच्यावर होडी थांबवून जुडी पाण्यात सोडायची.

त्र्याण्णवच्या दसऱ्याला त्यांनी मलाही नेलं. होडी चंदरच्या मामाची, अरुंद, तिघांत भरलेली. मोतीबाई पुढे. चंदर मागे, वल्ह्यावर. मी मध्ये, पाणी उपसायचं टमरेल घेऊन. डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं. वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते.

घर खुणांवरून शोधायचं. समोर डोंगरातली खिंड, डावीकडे काठावरचा जुना आंबा. दोन्हींच्या रेषा मिळतात तिथे दार. पण त्या पावसाळ्यात आंबा पडला. एकच रेषा उरली.

“हितंच, आये,” चंदर म्हणाला.

“हितं शेजारच्या जनूचा गोठा. त्याच्या म्हशींना बांधू का नवं?”

“म्हशी जाऊन वीस वर्सं झाली.”

“म्हशी गेल्या. वास येतो मना.”

चंदर हसला. दहा हात पुढे गेला. “आता?”

“आता हिरीत पारलंस.”

“आये, सगलं पानीच हाय.”

“मास्तर, तू शिकलेला. तू सांग याला.”

मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो, म्हणून ती मला मास्तर म्हणायची. मी टमरेलाने पाणी उपसू लागलो.

शेवटी चंदरने दोरीला दगड बांधून खाली सोडला. दगड कशावर तरी टणकन टेकला. दोरीतून हाताला कळलं.

“जोतं लागलं, आये.”

“कुनाचं?”

मोतीबाईने जुडी बराच वेळ हातात धरली. मग पाण्यावर ठेवली, पण हात लगेच काढला नाही. परत येताना ती सारखी मागे वळत होती.

“दुसऱ्याच्या दाराला बांधलं असंल तर?” ती म्हणाली. “माजं रिकामं रायलं.”

काठावर उतरताना चंदर म्हणाला, “वैशाखात पानी उतरलं की जोतं उघडं परतं. उंबऱ्याच्या दगडात करी बसवतो. करीला तार, तारेला डबा. डबा वर तरंगंल. त्याच्या कानाला बांध तुजं नवं.”

“डब्याला?”

“दार बोल त्याला.”

“मग रंग दे. लाल.”

वैशाखाच्या शेवटच्या रविवारी तो एकटाच गेला. उंबऱ्याच्या दगडात भोक पाडलं, सिमेंट ओतलं, लोखंडी कडी बसवली. पण नेलेली तार आखूड होती. धरण भरल्यावर डबा बुडाला असता. पुढच्या रविवारी कामावर बोलावलं. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत पाऊस आला आणि जोतं बुडालं.

“पुढच्या वैशाखात,” तो मला म्हणाला होता.

आषाढात कावीळ झाली. अकरा दिवस.

या दसऱ्याला मोतीबाईने दोन जुड्या केल्या. मला विचारलं, “मास्तर, करी कुठं हाय, तुला बोलला असंल ना?”

मी त्या रविवारी बरोबर नव्हतो. कॅरम खेळत होतो.

तिने दुसरी जुडी फळीवर ठेवली.

डबा त्यांच्या पडवीत उलटा ठेवलाय. अर्धा लाल आहे. शेजारी लांब तारेचं भेंडोळं आहे. दुकानदाराने बांधलेली सुतळी अजून सोडलेली नाही.