डोळे मिटून धरलेला हात

आमेन म्हणून मी डोळे उघडले, तर समोर मार्था नव्हती. तिची खाटच नव्हती. नुसती रिकामी फरशी... आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुणा बाईचा हात.

मला वाटलं, संपलं. माझी धाकटी जाऊ गेली, आणि मी आपली डोळे मिटून उभी.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आधीच सांगते. येशूवर आहे. पण म्हणून कुणीही सांगेल तो चमत्कार मी गिळत नाही. चर्चमधल्या बायकांना दर आठवड्याला दर्शनं होतात. मला मेलीला नुसती झोप लागते. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे फिरवून लिहिता येत नाही. जे घडलं तेवढंच लिहिते.

गेल्या वर्षीचा एक रविवार. उपासना सुटल्यावर हर्सूलला घरी न जाता, बायबल काखेत मारून मी थेट क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात गेले. मार्थाला आदल्या दिवशी हार्टचा झटका आला होता. आणल्यापासून बेशुद्ध, तोंडावर मास्क. फार आशा ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी तिचा हात धरून प्रार्थना सुरू केली. माझी प्रार्थना मोठ्यानंच असते — बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. मार्थाचा मुलगा डॅनियल कुजबुजला, "काकू, हळू ना. कुणी व्हिडिओ काढंल. दिवस कसे आहेत..."

"काढू दे. चोरी करतेय का मी?"

तो कपाळाला हात लावून औषधं आणायला गेला.

आमच्या आईची शिकवण अशी, की आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. मध्येच सिस्टर म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा." मी सरकले. हात सुटला, पण डोळे मिटलेलेच. कसलीशी चाकं वाजली. मग मी चाचपडत हात शोधला, सापडला, आणि प्रार्थना पुढं सुरू... मार्थाला खाटेसकट खाली तपासणीला नेलं होतं. आणि मी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा हात धरून, "प्रभू, या मार्थाला उठव" म्हणत होते.

त्या बाई म्हणजे गयाबाई, फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांची सून पायथ्याशी बसलेली.

"मला कळलं व्हतं आजी," ती म्हणाली, "पर थांबवावं वाटंना. म्हनलं, आत्याबाईचंबी भलं व्हईल. परवापासून डोळा उघडला नाय का सबूद काढला नाय."

मी हात सोडवायला गेले. गयाबाईंनी तो घट्ट धरला. डोळे मिटलेले, ओठ कोरडे.

"ए तोफे," त्या म्हणाल्या, "पुरं कर आता. चहा टाक."

माझ्या आवाजावरून मला तोफ म्हणते ती जगात फक्त मार्था. तेही स्वयंपाकघरात, आम्ही दोघीच असताना. चारचौघांत मी तिची "जाऊबाई". डॅनियललासुद्धा ते नाव ठाऊक नव्हतं. आणि गयाबाईंना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सून माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. तेवढ्यात डॅनियल जिना चढून धापा टाकत आला.

"काकू, मम्मी शुद्धीवर आली! चहा मागतीय!"

डॉक्टर म्हणाले, गुंगीत माणसं काहीही बोलतात. बोलत असतील, पण माझं नाव? ते मोबाइल बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूची योजना. असेल, पण प्रभू मला तोफ कशाला म्हणेल? मार्थाला तर काहीच आठवत नाही. ती फक्त भांडते.

"माझी अर्धी प्रार्थना परक्या बाईला वाटून आलीस व्हय?"

"मग जागेवर पडून राहायचं होतंस," मी म्हणते.

उलगडा मला अजून झालेला नाही. मार्था जगली. गयाबाईही जगल्या.