वर येणारी आळी

"मावशी, कुरडया उचला! गाडी आत येऊ द्या!" जागांचा दलाल एवढ्या जोरात ओरडला की चार गल्ल्यांपलीकडची कुत्री दचकून उठली.

उन्हाळ्यात आमच्या आळीत रस्त्यावर खाटा पडतात आणि त्यांवर अख्ख्या शहराला पुरून उरतील एवढ्या कुरडया वाळतात. मोटारीतल्या जोडप्याला दलाल पटवत होता, "ही आळी वर येणार. आत्ताच घेऊन ठेवा."

वर येणारी आळी मी वासावरून ओळखतो. आधी पिठाची गिरणी जाऊन कॉफीचं दुकान येतं. मग कुत्र्यांना स्वेटर चढतात आणि कावळेसुद्धा हळू आवाजात बोलायला लागतात. आळी वर चढते, आणि भाडेकरू घरंगळत थेट शहराबाहेर जाऊन पडतात. इथे लग्न होऊन आलेल्या सुमनमावशीलाही घरमालकाने खोली सोडायला सांगितलंच आहे.

मावशीने खाट हलवली नाही. उलट आणखी एक आडवी टाकली. मग मीही माझी टाकली. वाळवायला काही नव्हतं, म्हणून स्वतःच उन्हात पसरलो.

मोटारीतल्या बाईंनी काच खाली केली. "रस्ता मोकळा कधी होईल हो?"

मावशी म्हणाली, "कुरडयांनंतर पापड आहेत."