जर्नल देणारी

प्रत्येक वर्गात एक जर्नल देणारी मुलगी असते. पुण्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती मी होते. सबमिशनच्या आठवड्यात माझं जर्नल माझ्याकडे कधीच नसायचं. होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरून, कडा मुडपून, कुणाच्या तरी मिसळीचा डाग घेऊन ते परत यायचं. ड्रॉइंगच्या शीट काचेवर ठेवून, खाली दिवा लावून गिरवल्या जायच्या आणि सर डोळे मिटून सगळ्यांवर सह्या करायचे. याला कॉपी कुणी म्हणत नसे, चांगुलपणा म्हणत. मला तो चांगुलपणा मिरवायला आवडायचा, हेही आत्ताच सांगून टाकते.

शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला कॉलेजने आम्हा दोघींना एक्स्चेंजवर लीड्समधल्या एका विद्यापीठात पाठवलं. दुसरी म्हणजे पहिल्या वर्षापासून माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण. निघण्याआधी कॅम्पस इंटरव्ह्यूत मला नोकरी मिळाली होती, तिला नव्हती. नोकरीची अट एकच होती: डिग्री हातात येईपर्यंत एकही विषय राहता कामा नये. माझा विषय कधी राहिलाच नव्हता, त्यामुळे त्या अटीची मला काडीचीही काळजी नव्हती.

लीड्सला पहिल्याच आठवड्यात आम्हाला एका हॉलमध्ये बसवून तासभर समजावलं, की दुसऱ्याचं काम उतरवणं जसा गुन्हा, तसं आपलं काम दुसऱ्याला देणं हाही गुन्हाच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. या लोकांना कसली कसली भीती वाटते, असं मी तिच्या कानात म्हणाले. मग लॅपटॉपवर नियम मान्य असल्याची खूण केली आणि कॅन्टीनमध्ये चिप्स खायला गेलो.

डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फ पडला. आम्ही राहत होतो त्या घराच्या मागच्या अंगणात, कौन्सिलच्या हिरव्या कचरापेटीशेजारी उभं राहून आम्ही फोटो काढला. माझा लॅब रिपोर्ट तेव्हा लिहून तयार होता. तिने नोव्हेंबरचे सगळे वीकेंड लेस्टरला मावशीकडे जेवणावळी झोडण्यात घालवले होते, त्यामुळे तिची सुरुवातही नव्हती. दुपारी तिने तिच्या खोलीतून मला तो फोटो पाठवला आणि त्याखालीच लिहिलं, ‘फाईल टाक ना गं. फक्त फॉरमॅट बघते.’ मी मिनिटभरात अख्खी फाईल पाठवली. विचार करायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

तिने परिच्छेद मागेपुढे केले, आलेखांचे रंग बदलले. एका तक्त्यात मी दाबाचं एकक चुकवलं होतं, ते मात्र तिने जसंच्या तसं उतरवलं. माझी चूकसुद्धा तिला तपासावीशी वाटली नाही, यावर मी आजही चिडते.

जानेवारीत दोघींना ईमेल आलं. चौकशी समितीपुढे यायचं होतं, वेगवेगळं. स्टुडंट युनियनमधल्या सल्लागार बाईंकडे मी एकटीच गेले. त्यांनी कागदी कपात चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, की फाईल तिने मागितली की तू आपणहून दिलीस, याने फार फरक पडेल. मागितल्याचा मेसेज असेल तर जपून ठेव आणि घेऊन ये.

त्या संध्याकाळी मैत्रीण स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. बाबांना कळलं तर शिक्षणच बंद होईल, म्हणाली. आणि मग म्हणाली, “तुझ्याकडे जॉब तरी आहे. माझ्याकडे काय आहे?”

हे वाक्य मला बरोबर लागलं. सर वर्गाबाहेर उभं करोत नाहीतर प्राचार्यांकडे नेवोत, मैत्रिणीचं नाव घ्यायचं नाही, हा आमचा पुण्याचा कायदा होता. मी फोन काढला आणि तिच्यासमोर आमचं सगळं चॅट पुसून टाकलं. रिपोर्ट दोघींनी मिळून लिहिला, असं सांगायचं ठरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझा नंबर आधी होता. समितीतल्या तिघांनी मला दोनदा विचारलं, फाईल तिने मागितली होती का. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले, मिळून लिहिला म्हणाले. मग ती आत गेली आणि मी तिचा कोट मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. ती बाहेर आल्यावर काय सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, ठरलं होतं तेच. घरी येऊन तिने मुगाची खिचडी केली, आईच्या हातचं लोणचं काढलं. मी दोनदा वाढून घेतली.

शुक्रवारी निर्णय आला. सोबत कोण काय बोललं याची नोंद होती. तिने सांगितलं होतं की तिने फाईल मागितली नव्हती. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी ती आपणहून पाठवली आणि वर ‘आमच्या कॉलेजात असंच करतात’ असंही म्हणाले. तिला पास होण्यापुरते मार्क ठेवले. मला शून्य, कारण मी काम पुरवलं होतं आणि वर समितीला खोटंही सांगितलं होतं. पुन्हा परीक्षा द्यायची सोय नव्हती, दोन आठवड्यांत आम्ही परत निघणार होतो. म्हणजे विषय राहिला. म्हणजे नोकरी गेली.

दहा दिवसांत अपील करता येत होतं, पण नवा पुरावा हवा. पुरावा एकच होता, आणि माझ्या फोनमधून तो मीच पुसला होता. मी तिच्या खोलीत गेले. ती मोज्यांच्या जोड्या लावून बॅगेत भरत होती. मी भांडले नाही. फक्त तो एक मेसेज तुझ्या फोनमधून मला दे, म्हणाले.

“अगं, माझ्या फोनवर जुनं काही राहतच नाही,” ती म्हणाली. “स्टोरेज फुल असतं ना.” मग मोजे खाली ठेवून म्हणाली, “मी घाबरले गं. त्यांनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं.”

मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे काय, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

विषय मी पुढे पुण्यात सोडवला. कंपनीचं दोन ओळींचं पत्र त्याआधीच आलं होतं. मी चाकणच्या एका कारखान्यात लागले, अजून तिथेच आहे. ती मास्टर्सला परत इंग्लंडला गेली, आता वॉटफर्डला असते. दिवाळीला मेसेज करते, मीही करते. ती घाबरली होती, एवढ्यावर मी तिला माफ केलं होतं. घाबरलेलं माणूस खोटं बोलतं, मीही बोललेच होते.

गेल्या जानेवारीत वॉटफर्डला बर्फ पडला. तिचा मेसेज आला, ‘बघ काय सापडलं. आठवतंय का?’ खाली जुन्या चॅटचा स्क्रीनशॉट होता. हिरव्या कचरापेटीशेजारी आम्ही दोघी, लाल नाकांच्या. आणि फोटोखाली, तिने कापायचं राहिलेल्या भागात: ‘फाईल टाक ना गं. फक्त फॉरमॅट बघते.’ त्याखाली माझी फाईल, तारखेसकट.

चहाचं आधण उकळून गॅसवर सांडलं तरी मी तशीच उभी होते. समितीसमोर ती घाबरली असेल. मोजे भरताना ती घाबरलेली नव्हती. मेसेज तेव्हाही तिच्या फोनमध्ये होता, हाताच्या अंतरावर. एवढ्या वर्षांत तिने फोन बदलले, देश बदलला आणि ते चॅट सोबत नेलं. आता पाठवताना त्यात काय आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही, इतकं ते तिच्या लेखी किरकोळ होतं. मला फार राग आला.

मी तीन उत्तरं लिहिली आणि पुसली. त्यातलं एक फार चांगलं होतं. शेवटी लिहिलं, ‘किती बारीक होतो गं आपण,’ आणि तेच पाठवलं.

तिने लगेच लाल बदाम पाठवला.