मॅडमकाकूंची विलायती भुलाबाई

रायपूरच्या मराठी समाजात अठराव्या शतकातल्या इंग्रजी गाण्यांच्या एकच अधिकारी जाणकार होऊन गेल्या, त्या म्हणजे आमच्या शंकर नगरातल्या मॅडमकाकू. त्या गाण्यांच्या चाली त्यांना येत नव्हत्या, एवढं सोडलं तर त्यांच्या अधिकाराबद्दल वाद नव्हता. वाद घालायला दुसरं कुणी नव्हतंही.

कॉलेजात इंग्रजी शिकवलं म्हणून मॅडम आणि शेजारी म्हणून काकू. निवृत्तीनंतर त्यांना इंटरनेटवर एक जुनी हस्तलिखित वही सापडली. विलायतेतल्या कुणा जमीनदाराच्या मुलीनं आपल्या काळातली लोकप्रिय गाणी तिच्यात उतरवून घेतली होती. मेंढपाळांची प्रेमं, कोल्ह्याची शिकार, खलाशाचा निरोप. काकूंनी ती सगळी आपल्या वहीत पुन्हा हातानं लिहिली आणि समोरच्या पानावर मराठी केली. प्रिंटआउट काढून देऊ का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "छापलेलं डोळ्यात राहते रे. लिहिलेलं तोंडात येते."

मूळ वहीत गाण्यांचं स्वरलेखनही होतं. पण "त्या पाच तारांवरच्या चिमण्या मले वाचता येत नाहीत," म्हणून काकूंनी सगळी गाणी सरळ भुलाबाईच्या चालीत बसवली. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत विदर्भाकडच्या मुली ज्या चालीत सासर-माहेर गातात, तिच्यात इंग्रज जमीनदार कोल्ह्यामागे धावू लागले. मला ते भयंकर वाटलं.

"काहून?" काकू म्हणाल्या. "त्या जमीनदाराच्या पोट्टीलेही लग्न करून जायचंच होतं ना? भुलाबाईले ती परकी नाही."

भुलाबाईच्या दिवसांत त्या आसपासच्या मुलींना गोळा करत. मुलींना मराठी समजायचं, उत्तर मात्र त्या हिंदीत द्यायच्या.

"आंटी, लोमड़ी फिर मर गई?"

"हव, मेली. कामधंदा नसला की मालगुजार असंच करून राहतेत."

मुली खिदळत आणि खिरापतीची वाट पाहत. काकूंनी सुरू केलं की म्हणत, काकू थांबल्या की थांबत. काकूंच्या मनाला तेच लागायचं. "मी नसताना कोणी आपणहून म्हणलं, तर ते गाणं झालं," त्या म्हणत. "तोवर नुसता गृहपाठ आहे."

खलाशाच्या निरोपाचं गाणं मात्र त्या मुली गेल्यावर एकट्याच म्हणत. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

*दर्यावरी शीड गं, शिडात वारा,*
*राजा माझा गेला गं, राहिला किनारा.*

काकूंनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांचे यजमान मालगाडीचे गार्ड होते आणि फार लवकर गेले. एकदा मी त्या गाण्याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "खलाशाची बायको काय अन् गार्डाची काय. गाडी कधी येईन, हे कोणी सांगत नाही." मग चहा ठेवायला उठल्या. सूर त्यांचा दर वेळी त्याच जागी घसरायचा. अजून कुणी तिथं बरोबर गायलं की मला चुकल्यासारखं वाटतं.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळानं त्यांचा सत्कार केला. अध्यक्षांनी वहीला हळदकुंकू वाहिलं, तिच्यावर फुलं ठेवली आणि "दोन संस्कृतींमधला सेतू" या विषयावर जेवण गार होईपर्यंत बोलले. गाण्यांना वेळ उरला नाही. परतताना काकूंनी रिक्षात शालीची घडी घातली. घर आल्यावर म्हणाल्या, "शाल मले देल्ली. गाणं कोणाले देल्लं?"

त्याच वर्षीच्या थंडीत त्या गेल्या. शोकसभेत अध्यक्षांनी सेतू पुन्हा बांधला. मंडळाच्या काचेच्या कपाटात वहीला जागा मिळाली. मोठी माणसं तिथंच ठेवायची, असा आमच्याकडे संकेत आहे.

पुढच्या कोजागिरीला मंडळाच्या सभागृहात भुलाबाई बसली. नेहमीची गाणी संपली. खिरापत अजून आली नव्हती. मुली कंटाळून मोबाईल काढू लागल्या, तेवढ्यात काकूंच्या घरी जाणाऱ्यांपैकी एकीनं, कुणी न सांगता, मान खाली घालून सुरू केलं, "दर्यावरी शीड गं..." दुसरीनं उचललं. मग सगळ्यांनी. ज्या काकूंकडे कधी आल्या नव्हत्या, त्याही दुसऱ्या ओळीपासून म्हणू लागल्या. ते गाणं या मुली कधी शिकल्या, हे मला कळलं नाही. काकूंनी तर ते त्यांना कधी शिकवलं नव्हतं. बहुधा काकूंकडे जाणाऱ्यांनी जिन्यात चपला घालताना ऐकलं असावं आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून. मी खांबाला टेकून उभा होतो. जिथं काकू घसरायच्या, तिथं सगळ्या पोरी एकदम घसरल्या.

शेजारच्या खुर्चीवरच्या छत्तीसगढी पाहुण्या डोळे पुसत म्हणाल्या, "कितना सुंदर है! आप लोगों का बहुत पुराना गीत है क्या?"

"हव, बहुत पुराना," अध्यक्ष म्हणाले. "हमारी पणजी गाती थीं."