छबूबाईच्या कानातला कडबा

कर्जतच्या सोनारानं आधी हातातली सोन्याची फुलं पाहिली, मग छबूबाईचे कान पाहिले आणि मान हलवली. फुलं जुनी, तिच्या आईनं लग्नात दिलेली. मागची दांडी तुरीच्या काडीएवढी जाड. कानाची भोकं मात्र अशी बुजलेली, की त्यातून मोहरीसुद्धा गेली नसती. नऊ वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हा थोरल्या नणंदेनं, भीमाबाईंनी, रीत म्हणून ती फुलं उतरवायला लावली होती.

"दांडी घासून बारीक करून देऊ?" सोनारानं विचारलं.

"फुलांना हात लावू नका," छबूबाई म्हणाली. "कानच वाढवते मी."

मुलाचं, रविराजचं लग्न महिन्यावर आलं होतं. कानात फुलं घालून पोराला पहिली हळद आपणच लावायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण बोलायचं कुणाजवळ? विधवेनं हळदीला शिवणं भीमाबाईंच्या रीतीत बसत नव्हतं, आणि भीमाबाईंची रीत म्हणजे वस्तीवर काळ्या दगडावरची रेघ. रविराज रांजणगावच्या कंपनीत, घरी यायचा रविवारी. त्यामुळे कारभार गुपचूप चालू झाला.

आधी खोबरेल लावलेली कडुलिंबाची काडी. चार दिवसांनी त्याहून जाड. मग कडब्याच्या, वाळल्या ज्वारीच्या ताटातला पांढरा गाभा. तो कोरडा खोवायचा. अंघोळीचं पाणी लागलं की फुगतो आणि भोक आपसूक मोठं होतं. घाई मात्र चालत नाही. कानाची पाळी फाटली, की फूल काय कपाळाला अडकवणार?

गाभा पडू नये म्हणून तिनं ताटाचं बोटभर टोक बाहेर ठेवलं आणि वरून पदर घेतला. माणसांना काही कळलं नाही. वासराला कळलं. सकाळी धार काढायला ती वाकली आणि वासरानं उजव्या कानातला कडबा तोंडात धरून ओढला. छबूबाई अशी ओरडली, की शेजारची रतनबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"काय झालं गं?"

"कान! कान दुखतोय," छबूबाईनं पदर गच्च दाबून सांगितलं.

पाळी वाचली; नुसती सुजली. त्या दिवसापासून तिनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला. कान दुखतोय ही बातमी रतनबाईच्या घरून निघाली, ती डेअरीपर्यंत पोचेस्तोवर छबूबाईला ठार बहिरी करून मोकळी झाली होती.

डेअरीवाला कल्याण भला माणूस. मावशीला ऐकू यावं म्हणून त्यानं बेंबीच्या देठापासून आवाज काढला, "मावशीऽऽ! फॅट लई कमी लागलीऽऽ! तीन पॉइंट एऽऽक!" रांगेतल्या सगळ्यांनी तिच्या किटलीकडे पाहिलं. तिच्या दुधात पाणी असतं, असा संशय पसरायला तेवढं पुरे झालं. छबूबाई मनात चरफडली, पण ऐकू येतं म्हणावं तर रुमाल सोडावा लागणार. ती बावळटासारखी हसली आणि किटली उचलून घरी आली.

बहिऱ्या माणसाचा एक फायदा असतो. त्याच्यासमोर लोक मन मोकळं करतात. लग्नाच्या शेवया करायला भीमाबाई आल्या आणि छबूबाई हातभर अंतरावर बसलेली असताना रतनबाईला म्हणाल्या, "पहिली हळद माझ्या हातची. छबूनं आपलं मागं बसावं, चुलीपाशी."

"पोरगं तिचं हाय ना, आक्का?"

"पोरगं तिचं, पन रीत आपली. कपाळ उजाड बाईचा हात लागला, तर इडापिडा न्हाई का यायची? आन आता तर कान बी गेले. हाताखाली ठेवायला बरी."

छबूबाईच्या हातातली शेवई तुटली. फार लागलं तिला ते. ज्या बाईला इतकी वर्षं पाटावर बसवून वाढलं, तिला आपण इडापिडा वाटतो? मोठ्यानं रडावंसं वाटलं. पण तिनं नवी शेवई ओढायला घेतली, आणि घरी कोणी नसताना जाडसर गाभा कानात खोवला.

हळदीच्या दिवशी दारात मांडव, पाटावर रविराज, भीमाबाई बाह्या सरसावून तयार. तेवढ्यात आतून छबूबाई आली. डोक्याला रुमाल नव्हता. दोन्ही कानांत फुलं लखलखत होती.

भीमाबाई उठल्या, तिच्या कानाला तोंड लावून ओरडल्या, "छबूऽऽ! ह्ये काय घातलंऽऽस? लोकं काय म्हनतीऽऽल?"

छबूबाई जराशी मागं सरली.

"वन्सं, हळू बोला. मी कवाच बहिरी नव्हते. लोकं काय म्हनत्यात ते इतके दिस ऐकतेय मी. तुमचं बी ऐकलंय."

रतनबाईला एकाएकी खोकला लागला. भीमाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "मी... मी कवा काय म्हनले?"

"सांगू का? समद्यांना ऐकू जाईल असं सांगते."

भीमाबाईंनी मांडवभर नजर फिरवली. व्याही पुढंच बसले होते. भीमाबाईंनीच हळदीचं ताट उचललं आणि छबूबाईच्या पुढं धरलं.

"लाव बाई," त्या पुटपुटल्या. "लाव लवकर."