शिंगांच्या रंगाचं विमान

बीदरमधल्या मैलूरच्या घरात राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझे दोरीवरचे चिमटे कमी व्हायला लागले. आज दोन, उद्या तीन. वारा सुटला की माझी साडी शेजारच्या पेरूच्या झाडावर. मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे वर्गात खडू कुणी पळवला हे चेहऱ्यावरून ओळखायची सवय. एका संध्याकाळी शेजारच्या गंगाक्कांना मी सरळच विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या येड्याकडं हायेत बघा. या आत, दावते."

आत जमिनीवर शिळा पेपर पसरून साठीतला एक माणूस बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बनियन, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. समोर प्लॅस्टिकच्या एका विमानाचं पोट होतं आणि त्या पोटाला ओळीने माझे चिमटे लावलेले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते वर न बघताच म्हणाले, "टीचर, आजची रात ऱ्हाऊ द्या. आता काढले तर वाकडं बसंल. मंग ते जल्मभर वाकडंच."

हे शरणप्पा, गंगाक्कांचे यजमान. मूळचे भालकी तालुक्यातल्या मेहकरचे. बीदरच्या बाजारात मोटारपंपाच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं. एकुलती एक लेक मुडबीला दिलेली. दुकान बंद करून आले की हातपाय धुवायचे, लिंगपूजा करायची, दोन भाकरी खायच्या आणि पेपर पसरायचा. बाकीची माणसं या वयात नातवंडं खेळवतात किंवा राजकारणावर भांडतात. हे खोक्यातून शेंगदाण्याएवढे तुकडे काढून त्यांची विमानं बांधायचे. दिवसभर आमच्या डोक्यावरून हवाई दलाच्या तळावरच्या शिकाऊ वैमानिकांची खरी विमानं घरघरत जायची, आम्ही कुणी मानसुद्धा वर करत नसू. शरणप्पा मात्र गिऱ्हाइकाला मधेच थांबवून बाहेर यायचे आणि हात कपाळाशी धरून बघत राहायचे.

चिमट्यांवरून सुरू झालेलं भांडण चहावर मिटलं आणि मग त्या घरी माझं रोजचंच जाणं झालं. त्यांचं काम बघत बसायला मला आवडायचं. डिंकाची नळी उघडण्याआधी ते प्रत्येक तुकडा कोरडाच जोडून बघायचे. "आदी सुकं बसवून बघावं, टीचर. वल्लं करायची घाई करू नये." सोयरीक जुळवण्यापासून चुलीवरच्या वरणापर्यंत त्यांचा हाच सल्ला असायचा. एकदा मी म्हटलं, माझ्या घरचा डिंक वापरून बघा की. ते हसले. "तुमचा डिंक चिटकवतोय. ह्यो चिटकवत न्हाई, इरघळवतोय. हिकडचं थोडं इरघळतंय, तिकडचं थोडं इरघळतंय, मंग दोन्ही मिळून एकच हून बसतंय. एकाच बाजूनं इरघळून भागत न्हाई."

कपाटात तीसेक विमानं होती, एकापेक्षा एक देखणी. पण सगळ्यात वरच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, एक विमान अगदी वेगळं होतं. विलायती बनावटीचं लढाऊ विमान, पण नाक हिंगूळ लाल, पंखांची टोकं जांभळी, शेपटीवर पिवळे पट्टे. जत्रेतून उडून आल्यासारखं दिसायचं. एक पंख जरासा खाली झुकलेला होता आणि त्या पंखाच्या पोटात प्लॅस्टिकमध्येच अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. हे कुणी केलं, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पोरपनातलं हाय. पैलं." आणि विषय बदलला.

बाकीचं मला गंगाक्कांनी निवडत बसलेल्या तुरीवर मान खाली घालून हळूहळू सांगितलं. शरणप्पांना एक थोरला भाऊ, काशप्पा. दोघं पोरं असताना हैदराबादहून मामांनी हे खोकं आणलं होतं. खेड्यात रंग कुठला मिळणार? कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग गोठ्यात होता, तोच दोघांनी विमानाला फासला. जिवाला जीव देणारे भाऊ. एकाच्या पायात काटा मोडला तर दुसरा लंगडायचा, असं म्हणे गाव हसायचं.

मग वडील गेले आणि वाटणी झाली. आमच्याकडची रीत अशी की वाटे थोरल्याने करायचे आणि पहिला वाटा उचलायचा तो धाकट्याने. म्हणजे थोरला आपोआपच समसमान वाटे करतो, असा तिच्यातला शहाणपणा. अंगणात दोन घोंगड्या पसरल्या. काशप्पांनी एकीवर खूण म्हणून विहिरीच्या रानातलं काळं ढेकूळ ठेवलं, दुसरीवर माळावरचा दगड ठेवला. माळ मोठा होता, पण नुसता दगडांचा. तो भरून काढायला त्या घोंगडीवर भांडीकुंडी जास्त, बैलजोडी चांगली, आणि सगळ्यांच्या वर ते विमान. पंच बसले होते, भावकी उभी होती. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या गंगाक्का दाराआडून डोळ्यांनी खुणावत होत्या, ढेकूळ उचला म्हणून. शरणप्पा उठले आणि त्यांनी दगडाच्या घोंगडीला हात लावला.

"खेळण्यापायी रान घालवलं," असं गाव महिनाभर बोललं. बैल म्हातारे झाले, भांडी पिचली. माळ मात्र होता तसाच राहिला. गंगाक्कांनी काही वर्षं त्यातले दगड वेचले. एक उचलावा तर खालून दुसरा वर यायचा. शेवटी दोघं बीदरला आली. आणि कधीतरी त्या वर्षांत शरणप्पांच्या मनाने घेतलं की अण्णाने ते विमान मुद्दामच तिथे ठेवलं होतं, उंदराच्या पिंजऱ्यात भजं ठेवावं तसं. आपला भाऊ कशाला भुलतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यातसुद्धा दोघं पंगतीच्या दोन टोकांना. घरात भावाचं नाव निघत नसे. निघालंच तर 'मेहकरवाले.'

एकदा मला राहवलं नाही. डिंकाची नळी त्यांच्या हातात होतीच. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं तुम्हीच सांगता, दोन्हीकडून विरघळायला पाहिजे. मग तुम्ही कधी विरघळणार?" त्यांनी नळीचं टोपण लावलं, पेपराची घडी केली आणि उठून आत गेले. पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी शब्द नाही. शेवटी एका सकाळी दोरीवर माझे चिमटे परत आलेले दिसले, सगळे, धुऊन पुसून. माफी कोणी कुणाची मागितली हे मला अजून नीट कळलेलं नाही.

असे हौशी लोक पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत पुष्कळ आहेत आणि त्यांचा फोनवर एक गट आहे. शरणप्पांना टाइप करता यायचं नाही, ते काम माझं. गेल्या वर्षी त्या गटात कुणीतरी टूम काढली की प्रत्येकाने आपण बांधलेलं आणि अजून जपून ठेवलेलं सगळ्यात जुनं मॉडेल दाखवावं. फोटोंचा पूर लोटला. पंखांवरची पिवळी पडलेली चिन्हं, तुटकी चाकं, आजोबांनी शिवलेल्या पिशवीतली जहाजं. शरणप्पांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी घरीच विश्रांती घ्यायला सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना समजला होता. त्यांनी वरच्या फळीकडे बोट केलं. मी फोटो काढला. खाली काय लिहू, म्हणून विचारलं.

दोऱ्याने बांधलेला चष्मा त्यांनी कानामागे नीट बसवला. मग म्हणाले, "लिवा. मेहकर गाव. दोघा भावांनी केलेलं."

पुण्याच्या एकाने लगेच कळवलं, पंख सरळ करून देतो, तो अंगठ्याचा डागही घासून काढतो, नवं दिसेल. शरणप्पा उशीवरून एकदम उठून बसले. "त्येला सांगा, अंगठ्याला हात लावायचा न्हाई."

तो फोटो कुठून कुठे फिरला देव जाणे. कलबुर्गीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलाने मेहकर हे नाव वाचलं, शिंगांचा रंग बघितला आणि सुट्टीला घरी गेल्यावर फोन आजोबांच्या पुढे धरला. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत गाडी थांबली आणि नातवाच्या खांद्याला धरून एक वाळलेला, उंच म्हातारा उतरला. गंगाक्कांनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पाय धुवायला पाणी दिलं. मला वाटलं आपण निघावं. शरणप्पा म्हणाले, "बसा टीचर. तुमीच लिवलाव."

काशप्पा खुर्चीवर बसले. तांब्यातलं पाणी प्यायले. मग त्यांनी हात पुढे केला. "हाय का ते? बघू." मी विमान काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं, झुकलेल्या पंखाच्या पोटावर आपला अंगठा ठेवला. ठसा पोराच्या अंगठ्याचा होता, पण म्हातारपणाने बारीक झालेला अंगठा त्यात बसला. "वाळंपर्यंत धर म्हनलास तू. किती येळ धरलतो मी."

"लई दाबलाव," शरणप्पा म्हणाले. "म्हनून झुकलंय." आणि मग, इतक्या वर्षांनी, "अण्णा, एक इचारू का?"

"इचार की, शरण्या."

"माळाच्या वाट्यात कामून ठिवलाव हे? मी ह्येलाच हात लावीन म्हनून?"

काशप्पांनी भावाकडे असं बघितलं की जणू तो परक्या भाषेत बोलतोय. "येडा हाईस का रं? शाणा मानूस हिरीचं रान सोडून दगूड उचलंल, असं कुणाला वाटंल? मला वाटलं तू रान घेशील. मंग माळ मला येतंय, आन माळासंगं हे बी मला येतंय."

"तुमाला पायजे व्हतं?"

"मामानं खोकं माझ्याच हातात दिलतं की." म्हातारा विमानाकडेच बघत होता. "मागायची लाज वाटली. दोन लेकरांचा बाप मी. पंचांम्होरं खेळनं कसं मागू?"

वरून एक विमान घरघरत गेलं आणि या वेळी शरणप्पांनीही मान वर केली नाही. ज्या एका गोष्टीवर त्यांनी आपला सगळा राग उभा केला होता ती कधी घडलीच नव्हती. मला भयंकर वाईट वाटलं, आणि खरं सांगते, दोघांचा रागही आला.

माझ्यापेक्षा जास्त तो दुसऱ्या कुणाला आला होता. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची आमच्याकडे रीत नाही. गंगाक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दोघांनी बी इमान बघितलात. रान कुनीच बघितलं न्हाई. दगडं मी येचले."

शरणप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काशप्पांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने शरणप्पा म्हणाले, "अण्णा, घेऊन जावा हे." काशप्पा म्हणाले, "उचललेला वाटा फिरवत न्हाईत, शरण्या." विमान पुन्हा वरच्या फळीवर गेलं. त्या दिवसापासून मात्र काशप्पा दर दोन-चार दिवसांनी येत राहिले. दोघं फारसं बोलत नसत. एकाला दम नव्हता, दुसऱ्याला कमी ऐकू यायचं. पेपर पसरून बसायचे. शरणप्पा सांगायचे, काशप्पा तुकडे धरायचे. "आदी सुकं, अण्णा, आदी सुकं," एवढं भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. ते शेवटचं विमान अर्धंच राहिलं.

शरणप्पांची माती मेहकरला केली, त्यांच्याच माळावर. खड्डा खणताना पहारीतून ठिणग्या उडत होत्या. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून, तळहातावर लिंग ठेवून, विभूती आणि बेल घालून माती दिली. आयुष्यभर असेच मांडी घालून, हातात काहीतरी जपून धरून बसलेला माणूस मी बघितला होता. मला ते निराळे वाटलेच नाहीत.

क्रियाकर्म आटोपलं. पाहुणे पांगल्यावर गंगाक्कांनी पिशवीतून विमान काढून काशप्पांच्या पुढ्यात ठेवलं. म्हातारा मागे सरकला. "वाटनी फिरवत न्हाईत, बाई."

"ती वाटनी तुमी दोघांनी केलाव," गंगाक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सगळी भावकी गप्प झाली. "मला कुनी इचारलं न्हाई. ही वाटनी माझी हाय. इमान तुमी घ्या, हिरीचं पानी माळाला सोडा."

काशप्पांनी दोन्ही हातांनी विमान उचललं. वाटा उचलला की वाटणी पक्की होते, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

परवा गंगाक्का मला मेहकरला घेऊन गेल्या. विहिरीपासून माळापर्यंत पाइप आला आहे. समाधीच्या बाजूने तूर गुडघाभर उभी आहे. काशप्पांनी ते विमान बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलंय, अंगठ्याचा पंख उजेडाकडे करून. गंगाक्का तुरीतून हळूहळू चालत होत्या, मी मागे. मधेच त्या वाकल्या, ओल्या मातीतून वर आलेला एक दगड उपटला आणि बांधावर टाकला.

"अजून हायेत," त्या म्हणाल्या, आणि पुढचा शोधायला लागल्या.