आईसाठी रडायला आलेली बुरुल

आमच्या गल्लीतल्या बुरुलला गाव दोनदा घाबरलं. आधी ती प्यायची म्हणून, आणि मग तिनं पिणं सोडलं म्हणून.

नवरा रशियात कामाला गेला तो परतलाच नाही, तेव्हा तिनं व्होडका जवळ केली. वडिलांच्या मयताला ती झोकांड्या खात आली. मयताजवळ ज्या लोकरी नमद्याच्या तंबूत लेकींनी भिंतीकडे तोंड करून शोक गायचा असतो, तिथंच ती आडवी पडली. माणसं तिला ओलांडून गेली. पुढं नारिन शहरात एका घरात येशूची प्रार्थना चालायची, तिथं तिला कुणीतरी नेलं. पाच वर्षं झाली, थेंबाला शिवली नाही. पण भाऊ कुबात तिच्याशी बोलायचा बंद झाला. बहीण दारुडी असलेली त्याला चालली, धर्म सोडलेली नाही.

जानेवारीत तिची आई गेली. सकाळी बुरुल माझ्या दारात उभी, ओठ पांढरे.

"चल ना गं माझ्याबरोबर."

"कुबातनं बोलावलंय?"

"बोलावलंय. पण मुल्लासमोर येशूला सोडलं म्हण, मगच तंबूत बस, म्हणतोय. नाहीतर पुरुष जनाजा उचलणार नाहीत."

"मग म्हण की. तोंडाचा शब्द तर आहे."

"नुसता शब्द असता तर अशी घाबरले असते का? मी पडले होते तिथून त्यानंच उचललंय मला. त्याला सोडलं की मी परत तिथंच."

अंगणात रीतीप्रमाणे पुरुष काठ्यांवर टेकून ओरडून रडत होते. कढईत बोरसोक, मयताला करतात ते कणकेचे तुकडे, तळले जात होते. कुबात पुढं आला. बुरुलनं माझी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली.

"ठरलं का?" त्यानं विचारलं.

"आईसाठी रडू दे. ते दुसरं मला नाही म्हणता येणार."

"लाज काढायला आलीस?"

"मागच्या खेपेला काढली होती. आज शुद्धीत आलेय."

तिघांनी काठ्या उचलल्या आणि ते फाटकाकडे वळले. मुल्लानं मान खाली घातली. आता आख्खं अंगण रिकामं होणार, असं वाटलं.

तेवढ्यात तंबूतून म्हातारी आत्या साबिरा ओरडली, "कुबात, लेक बाहेर ठेवून परक्या सुनांनी रडायचं का तुझ्या आईला? मग तूच ये. बस माझ्याशेजारी, गा."

कुणीतरी दाढीत हसलं. कुबात लाल झाला, आणि बाजूला सरकला.

बुरुल भिंतीकडे तोंड करून बसली. पहिली ओळ फुटेना. मागं बसून मी तिच्या पडण्याचीच वाट बघत होते.

"आई," ती गाऊ लागली, "तुझ्या उंबऱ्यात मी पडले होते, माझे बूट तू काढलेस. तुझ्या मालकाला मी रडले नाही. तुझ्यापुढं मी चुकले."

शोकात असं कुणी गात नाही. मेलेल्याचे गुण गातात, आपले दोष नाही. रडताना झुलणाऱ्या बायका थांबल्या. बाहेर कुबातचा आवाज मध्येच तुटला, आणि मग सगळ्यांपेक्षा मोठा झाला.

आईला उचललं. निघून गेलेले तिघं परत आले नाहीत, पण खांदे पुरले.

"मला कुठं पुरतील गं? आईशेजारी कबरस्तानात तर घेणार नाहीत," पुरुष दफनाला गेल्यावर तिनं हळूच विचारलं.

"ठाऊक नाही."

"त्याची भीती वाटते. पण आता भीती वाटली की मी बाटलीकडे जात नाही. येशूशी बोलते."

मग बाह्या सारून ती कपबशा धुणाऱ्या बायकांत जाऊन बसली. एकीनं सरकून जागा दिली. दुसरीनं नाही दिली.